रेडिओवर पेटी चालत नाही

डोंबिवली, गुरुवार, १२ मार्च १९५३

उद्या रेडिओवर माझ्या गाण्याची चाचणी, आणि बाबा सकाळपासून पेटी पुसत बसलेले. कसं सांगणार त्यांना? पत्रात स्पष्ट लिहिलंय, साथीला पेटी चालणार नाही. वाद्य विलायती म्हणे! बेचाळीसच्या प्रभातफेरीत हीच पेटी गळ्यात अडकवून गाताना बाबांना पकडलं होतं. तेव्हा नव्हती का ती विलायती?

शेवटी पत्रच पुढे केलं. त्यांनी दोनदा वाचलं, भात्याची कडी लावली. म्हणाले, "तू जा गं. तंबोऱ्यावर गा."

गाईन. पण तंबोरा कुठल्या सुरात लावू, असं तिथे विचारतीलच. मी सांगणार, काळी पाच. म्हणजे बाबांच्या पेटीवरची पाचवी काळी पट्टी. ती कशी बंद करतील?