डावखुरीला डाव नाही

ती. तात्या,

पिंपळीहून तुमच्या पुतण्याचा, सावळारामचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. भिगवणला प्राचीताईकडे राहून तुमचा गुडघा सुधारल्याचं कळलं. (मलमानं सुधारला की तिथल्या माशांनी, हे डॉक्टरला विचारू नका, उगाच पथ्य लावील.) फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. तसं काम काही नाही. तुमच्या उसाकडं माझं लक्ष आहे, अजून तोड आलेली नाही.

सध्या यात्रेच्या क्रिकेट सामन्यांची गडबड आहे. आमच्या श्रेयाला (जिच्या डाव्या हातातला घास उजव्यात देता देता तुम्ही थकलात, तीच) आळीच्या संघातून खेळायचं होतं. पोरगी म्हणून नाकं मुरडतील, या धास्तीनं मी भांडायच्या तयारीनंच गेलो. तर कमिटीचा यशराज म्हणाला, "काका, पोरगी चालंल, डावखुरी न्हाय चालत. डावखुऱ्याला डाव न्हाय, असा नियमच हाय." कारण काय, तर तुमचा ऊस! आपल्या पटांगणात गोलंदाजी एकाच बाजूनं होते. उजव्यानं मारलेला चेंडू तालमीच्या भिंतीला लागून परत येतो. डावखुऱ्यानं मारलेला जो उसात शिरतो, तो थेट गाळपालाच जात असावा.

मी तोडगा काढला, की श्रेयाची बॅटिंग आली की स्टंप उचलून समोरच्या टोकाला लावायचे. सरावाला करून पाहिलं. पण ही बया एकेक धाव काढायची, समोरचा उजवा खेळायला यायचा आणि प्रत्येक धावेला दोन्ही संघ बिऱ्हाड पाठीवर घेऊन इकडून तिकडं! शेवटी वैतागून स्टंप तिकडंच ठेवले, तर उजवे सगळे उसात मारू लागले. चेंडू शोधायला शिरलेली माणसं शोधायला आणखी माणसं शिरली. मी उसाच्या पात्यांनी तोंड ओरबाडून बाहेर आलो, तेव्हा घरच्या कुत्र्यानंही ओळख दिली नाही. नियम पुन्हा कायम झाला.

घरी येताना श्रेया म्हणाली, "आप्पा, माझा हातच चुकीचा हाय का वं?" तिला मी जत्रेतली जिलबी कबूल केली, दुसरं काय करणार? पोरगी फार गुणी आहे हो.

असो. ताईला नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
सावळा

ता. क. काम नाही म्हणालो, पण एक आहे. ऊस तुटला की यंदा खोडवा ठेवू नका. बुडख्यातून तो पुन्हा फुटतो आणि पुढच्या यात्रेला माणूस बुडेल एवढा होतो. त्यापेक्षा हरभरा पेरू. तो यात्रेआधी निघतो आणि रान मोकळं होतं.

ता. ता. क. श्रेयानं पत्र वाचलं. म्हणते, "तात्यांचं नुकसान नगं, ठेवू द्या खोडवा. मी बसंन की टाळ्या वाजवत." तात्या, आजवर तुम्ही तिचा एकही शब्द खाली पडू दिला नाही. एवढा मात्र पाडा.