टाकीला तडा नाही

१० ऑक्टोबर १९८२, रविवार. वरळी कोळीवाडा
आज नव्या जागेत पहिला दिवस. सोनूबाईंच्या घरामागची खोली, आठ बाय दहा, खिडकी थेट समुद्रावर. मन प्रसन्न झालं. संपाचा नववा महिना. कुटुंब गावी पाठवलं आहे. चोवीस वर्षं गिरणीत साच्यावर कापड विणलं. आता मान खाली घालून गेटवर परत जाणार नाही. गिरगावात अण्णांचं शोभेच्या माशांचं दुकान आहे. त्यांनी शब्द दिलाय की हा काच फोडणारा प्राणी आजपासून महिनाभर जगव आणि त्याला न फुटणारी टाकी बनवून दाखव, मग दुकानात कायमचा ये.

प्राणी सोनूबाईंच्या होडीच्या जाळ्यातला. वीतभर, कोळंबीसारखा, पण पुढे दुमडलेले दोन हातोडे. शिंपला एका ठोशात फोडतो. चौथीत शाळा सुटली तरी इंग्रजी पुस्तकातली त्याची सगळी माहिती मी डिक्शनरी घेऊन लावली. नाव ठेवलं ठोशा. सोनूबाई हसल्या. म्हणाल्या, आम्ही ह्याला पाटीतून उचलून दर्यात फेकतो, आणि हा गिरणीवाला त्याला बंगला बांधतोय!

१३ ऑक्टोबर
दोन सुती काच, म्हणजे पाव इंच. चौथ्या ठोशाला तडा, डाव्या कोपऱ्यात, पावणेतीन इंच. तडा जाण्याआधी बारीक ‘टिक्’ येते. ती ऐकायला कान हवा. चारशे साच्यांच्या गोंगाटात तुटलेला धागा ओळखणारा कान आहे माझा.

१६ ऑक्टोबर
तीन सुती काच. तडा, सव्वा इंच. काच बाद. दुकानांच्या पाट्यांना वापरतात ते जाड अ‍ॅक्रिलिक अण्णांकडून आणलं, अर्धा इंच. सांधे मीच बसवले. तळाला चार बोटं वाळू, कारण तळालाही मारतो. लपायला पाइपचा तुकडा. आडोसा मिळाला की कमी मारतो, हे माझं निरीक्षण. पुस्तकात नाही.

२२ ऑक्टोबर
टाकीला ओरखडाही नाही. पण वास! ठोशा मादी निघाली. तोंडाशी अंड्यांचा नारिंगी गोळा धरून बसते, जायफळाएवढा. दिवसभर तो उलटापालटा करते, चघळल्यासारखी. पाण्यावर शेंबडासारखा तवंग. आज टाकीकडे पाठ करून जेवलो.

२७ ऑक्टोबर
गोळा नाहीसा. खाल्ला असावा. पाण्यात धूळ तरंगते, म्हणून रबरी नळीने निम्मं पाणी काढलं. नळी तोंडाने ओढायची, पाणी आलं की बोट लावायचं. सोनूबाई ओरडल्या की मेल्या, ती घाण तोंडात घेतोस? त्यांना काय सांगणार? धोट्याच्या भोकातून सूत ओठांनीच ओढायचं असतं. पाळीत दोनशेदा तेच केलं. कापसाची धूळ पचवली, तर ही काय! दोन घोट गेले. बुळबुळीत. दाताखाली रव्यासारखं काहीतरी.

३० ऑक्टोबर
भिंगाखाली थेंब पाहिला. धूळ नाही. प्रत्येक कणाला दोन डोळे.

ओकलो. तांब्याभर मिठाचं पाणी पिऊन पुन्हा ओकायला बसलो. या खेपेला ते वर आलं नाही. आतच राहिलं.

३ नोव्हेंबर
खोकल्यातून कात पडली. तांदळाएवढी, पारदर्शक, पायांसकट. सोनूबाईंना दाखवली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, जगन, आत्ताच्या आत्ता इस्पितळात चल. पण तिथे ठेवून घेतलं, तर टाकी कोण बघणार? महिना भरायला आठवडाच उरला. तेवढा काढू.

६ नोव्हेंबर
दाढ फुटली. आतून. गोडं पाणी प्यालो की पोटात ठोसे. खारं प्यालो की गप्प. म्हणून खारंच पितो. टाकी ठीक.

८ नोव्हेंबर
ढेकरेला सुकटीचा वास. जिभेखाली वळवळ — बोटाने काढून पाहिलं — पाय, पुष्कळ पाय, अजून हलणारे — बोट सदऱ्याला पुसलं. पुन्हा पुसलं.

१० नोव्हेंबर
अण्णा आले. टाकी चारी बाजूंनी ठोकून पाहिली. खूश. म्हणाले, जिंकलास रे जगन, उद्यापासून दुकानात ये. हो म्हणायचं होतं. तोंड उघडता येईना — उजेड दिसला की वर येतात. नुसती मान हलवली. त्यांच्या ठोकण्याला उत्तर आलं, माझ्या छातीतून. त्यांना वाटलं टाकीतून. वा, काय जोर आहे, म्हणाले.

सोनूबाई टॅक्सी आणायला धावल्या आहेत. तोवर लिहून ठेवतो. कोणी पाळलंच, तर अर्धा इंच हवं. कमी जाडी चालत नाही. माणसाची बरगडी किती — दोन सूत? तीन —

टिक्.

टाकी चारी बाजूंनी तपासली. तडा नाही.

पुन्हा आली. डावीकडून. सदऱ्याच्या खिशाखा