बॅट टाकून पळायचं असतं

कुंभारी,
दि. ८ फेब्रुवारी २०२५

चि. अजिंक्यास आईचा आशीर्वाद.

हिकडं समदं खुशाल हाय. आबांचा गुडघा आता बरा हाय, काळी म्हैस गाभण हाय. अंबाल्याला थंडी लई असंल, कानटोपी घालत जा. पत्र बघून दचकू नको. फोन हाय की माज्याकडं, पण बोलताना अपेक्षा जवळपास असती, आन मला सांगायचंय ते तिच्यासमोर सांगायची अजून छाती हुईना.

पयली गोष्ट, मी तुज्याशी खोटं बोलले. मागच्या रविवारी तुला सांगितलं की अपेक्षा माहेरी गेलीया. माहेरी कुटली, ती बार्शीत बेसबॉल खेळत हुती. आन तुजी आई तितं पायरीवर बसून बघत हुती. वाचलंस? आता वाईच दम खा आन फुडचं वाच.

झालं असं. डिसेंबरात एका सकाळी ती म्हणाली, कॉलेजात जादा तास हाय. पण पिशवीत मला खेळायचे बूट दिसले. तू खेळायचं न्हाय म्हणून बजावलेलं, त्यावरनं दिवाळीपासनं ती तुजा फोन घेत न्हाय, आन तरीबी ही चोरून जाणार. मी म्हणलं, थांब, मलाबी शुक्रवार पेठेत काम हाय, मागं बसव. सून सायकल हाणतीया, सासू कॅरियरवर पिशवी धरून, आन समदं गाव बघतंय. सोलापुरापतोर बिचारीनं मला वढत नेलं. शहरात शिरल्यावर तिनं सायकल थांबवली आन म्हणाली, "आई, तास न्हाय, मॅच हाय. बघायची तर चला, न्हाईतर पेठेत सोडते. घरी गेल्यावर काय बोलायचं ते बोला."

मी गेले. बघायला न्हवं, तिला रंगेहाथ धरायला गेले.

पण बाळा, काय खेळ हाय रं तो. क्रिकेटसारखाच वाटतोय, पण बॅट गोल, आन पळायचं ते चौकोनात. चार कोपऱ्यांना उशीसारखं कायबाय ठेवलेलं असतंय. समद्यांना शिवून परत घरी आलं की एक धाव. अपेक्षानं असा टोला हाणला की चेंडू पार कुंपणापाशी. आन ही बया बॅट तितंच टाकून पळाली. मला वाटलं, गडबडीत हातातनं सुटली. आता बॅट न्हाय तर धाव कशी धरतील? मी पदर खोचला, मैदानात शिरले, बॅट उचलली आन तिच्या मागं सुटले, "अगं बॅट, अगं तुजी बॅट" करत.

पंचानं हात वर करून खेळच थांबवला. तो टोला धरलाच न्हाय, तिला परत उभं केलं. त्यांच्या कोच शगुफ्ता मॅडम मला दंडाला धरून भाईर घिऊन आल्या. म्हणाल्या, "मावशी, ह्यात बॅट टाकूनच पळायचं असतं." पोरी पोट धरून हसाय लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण अपेक्षानं माज्याकडं बघितलं, हसली, आन दुसरा टोला तसलाच हाणला. मग कुटला राग आन काय. मी पायरीवर उभी ऱ्हाऊन घसा बसस्तोवर "पळ, पळ" करत हुते.

तवापासनं एक मॅच सोडली न्हाय. पहाटं उठून भाकरी थापायच्या, शेंगाची चटणी डब्यात घालायची, सायकलवरनं स्टेशन गाठायचं, सायकल स्टँडला लावायची आन गाडीत बसायचं. बार्शीला जाताना कुर्डुवाडीला गाडी बदलली. बारा भाकरी नेलेल्या, पोरींनी कुर्डुवाडीच्या आतच संपवल्या. आता मला फाऊल कळतंय, आऊट कळतंय, पंच चुकला तरी कळतंय. मॅडमनी मला पंचाशी बोलायची बंदी घातलीया.

बार्शीत शेवटच्या डावात एक धाव पायजे हुती. अपेक्षा तिसऱ्या कोपऱ्यावरनं सुटली, चेंडू तिच्या आधी पोचतोय असं दिसत हुतं, आन पोरीनं अंग टाकून दिलं. धुरळ्यात घसरत गेली आन चेंडूच्या आदी घरच्या उशीला पाय लावला. आबांची शप्पथ, मी रडले. परवा कॉलेजात नावं लागली. आपल्या अपेक्षाचं नाव युनिव्हर्सिटीच्या टीममदी हाय. मॅचा चंदीगडला हायत.

आता जे लिवायचं म्हणून पत्र घेतलं, ते तीन पानं झाली तरी टाळतीया बघ.

बार्शीहून येताना गाडीत तिनं माज्या खांद्यावर डोकं ठेवलं. म्हणाली, "आई, ह्यांनी न्हाय म्हणलं, पण तुमी हायसा माज्या बाजूला." तवापासनं मला घास गोड लागंना. तू कुणाचं ऐकून न्हाय म्हणलास, ते तुला ठावं आन मला. सप्टेंबरात मीच तुला फोन केला. लग्न झालेली पोरगी पॅन्ट-टोपी घालून मैदानात पळती, गाव हसतंय, तिला आवर म्हणलं. आन वर म्हणलं, माजं नाव सांगू नको.

तू न्हाईस सांगितलं. ती एवढी भांडली, बोलायची बंद झाली, तरी आईला फुडं केलं न्हाईस. आन मी? गाडीत तिच्या शेजारी बसून ती तुला नावं ठेवताना ऐकत ऱ्हायले आन तिला भाकरी वाढत ऱ्हायले. मला माज्या तोंडाची लाज वाटती अजिंक्य.

अठरा तारखेला आमी दिल्लीच्या गाडीनं निघतोय. माजं तिकीट मी माज्या पैशानं काढलंय. आबा म्हशी बघणार हायत. दोन दिवसांचा प्रवास हाय, त्यातच मी तिला समदं सांगणार. मधीच उतरून जायला तिलाबी जागा न्हाय आन मलाबी न्हाय. आदी तू फोन करून सांगू नको, ते माजं मलाच करू दे.

पयली मॅच एकवीसला सकाळी नऊ वाजता. अंबाल्याहून तासाभराचा रस्ता हाय म्हणं. सायबाकडं एका दिवसाची सुट्टी माग आन ये. तिनं माज्याशी बोलणं टाकलं तर मी सोशीन, माजं कर्मच तसलं. पण मैदानात धाव काढून घरच्या उशीला पोचल्यावर ती मान वर करून आपलं माणूस हुडकती, मी बघितलंय. त्या दिवशी माज्याकडं बघावं वाटलं न्हाय, तर तिला तू दिसला पायजेस.

जिचं नाव तू सांगितलं न्हाईस, ती तुजी आई,
बजाबाई