साहेबाच्या मुलीची वाटी

आई, साहेबाकडची ती चांदीची वाटी अजून माझ्याकडेच आहे. कल्याणला रेल्वेच्या बंगल्यात तू इंग्रज साहेबाची मुलगी सांभाळायचीस आणि मी इकडे ठाकुर्लीला शेजारच्या काकूंच्या हाताखाली वाढले. ती मुलगी माझ्याच वयाची. टायफॉइडनं गेली, तुझ्या मांडीवर. पुढे स्वातंत्र्य आलं, साहेबानं सामान बांधलं, तेव्हा मडमेनं तिची वाटी तुझ्या हातात ठेवली. दोन बाजूंना पानांसारखे कान, त्यांवर निळ्या-हिरव्या मिन्याचा एकेक थेंब आणि अंगभर हातोडीचे ठोके. बाबांना ते काम अर्धवट वाटलं. सोनाराकडून गुळगुळीत करून आणतो म्हणाले. तू नको म्हणालीस. विलायतेतल्या कुणा कारागिरानं ती यंत्राशिवाय घडवली होती आणि हात फिरलेला दिसावा म्हणून ठोके मुद्दाम राखले होते, असं मडमेनं तुला सांगितलेलं. रोज तिन्हीसांजेला तू तिच्यासाठी त्या वाटीत दूधभात कालवून खिडकीत ठेवायचीस. मी पितळेच्या वाटीत जेवायचे.

मग मलाही तोच ताप आला. डॉक्टर दाराबाहेर बाबांशी हळू आवाजात बोलून गेले होते. भर दुपार आहे, मी डोळे मिटून पडलेय. तू माझ्या उशाशी बसलीयस, पण तोंड खिडकीकडे.

"हिला नेऊ नकोस," तू म्हणतेस. "तुझी वाटी मी कुणाला देणार नाही. हिलासुद्धा नाही."

आणि समोरून उत्तर आल्यासारखी मान हलवतेस. त्यानंतर माझा ताप उतरत गेला.

तू शब्द पाळलास. काही वर्षांनी धाकट्या भावाच्या उष्टावणाला घरात चांदीचं दुसरं काही नव्हतं, म्हणून बाबांनी ती वाटी मागितली. पाहुणे पाटावर बसलेले. तू वाटी पदराखाली धरून म्हणालीस, "मी तिला विचारलं नाही अजून." त्या दिवशी आपल्याकडे कुणी नीट जेवलंच नाही.

तू गेल्यावर वाटी मी कपाटात कुलपात ठेवली. घरच्यांना वाटतं, मी त्या मुलीला घाबरते. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. भीती मला कधीच वाटली नाही गं. त्या दुपारी मी जागी होते, आणि मरणाचंसुद्धा काही वाटत नव्हतं. तू एकदा माझ्याकडे वळून बघावंस, एवढंच वाटत होतं.