दुसऱ्या पियानोची वही

दि. ९ जानेवारी, दुपार

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. देवाच्या कृपेने इथे सगळे बरे. तुझे गुडघे कसे आहेत? अकरा वर्षांनी माझं अक्षर दिसलं म्हणून पाकीट बाजूला ठेवू नकोस.

आमच्या चिमणीच्या संगीतशाळेत दोन पियानोंवर चौघींनी मिळून वाजवायचं ठरलंय, एकेका बाकावर दोघी. हौसेने ठरवलं खरं, पण चौघींसाठी लिहिलेलं नोटेशनच मिळेना. दुकानं पालथी घातली. मिळतं ते दोघींचं. त्यांच्या बाई म्हणाल्या, "आठ हात तयार आहेत हो, त्यांना काम कुठून देऊ?" वीस तारखेपर्यंत मिळालं नाही तर दोघींनाच ठेवणार. कोणाला गाळतील ते सांगायला नको, आपली पोर सगळ्यांत कच्ची. काल भाजी निवडताना म्हणाली, "आई, मी पानं उलटायला उभी राहीन ना!" हसत म्हणाली गं. मी निवडलेलीच जुडी पुन्हा निवडत बसले.

हे म्हणाले, "तुझी ताई मैत्रिणींबरोबर अशीच चौघींत वाजवायची, त्या वह्या असतील की. विचार. का शाई महाग झालीये?" मी दूध बघायला उठले. दूध गॅसवर नव्हतंच.

ताई, तुझ्याकडे पहिल्या पियानोची एकच वही आहे. दुसरी तू माझ्याकडे ठेवायला दिली होतीस. न्यायला आलीस तेव्हा मी देवावर हात ठेवून म्हटलं, "केव्हाच परत केली, तूच हरवली असशील." तुझा कार्यक्रम रद्द झाला. मैत्रिणी तुला वेंधळी म्हणाल्या, तर मीही मान डोलावली.

वही हरवली नव्हती. जुनी झाली, तुला आता कशाला लागतेय, कागद मात्र छान जाड, म्हणून पानं सुटी करून मी डब्यांखाली फळ्यांवर अंथरली होती. मी काही टाकत नाही म्हणून तू मला खार म्हणायचीस ना? दरवर्षी फळ्यांचे कागद बदलते, त्या दोन फळ्या सोडून. आणि दिवा लावताना देवाकडे सरळ बघत नाही.

काल सगळे डबे उतरवले. पीठ भुरभुरून तेल टिपलं, पानं लावून दोऱ्याने शिवली. एक कोपरा गेलाय, बाकी वाचता येतं. चिमणीला दाखवली नाही. वही तुझी, म्हणून सोबत तुलाच पाठवतेय. आता दोन्ही तुझ्यापाशी आहेत.

माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण वह्या धाडायचं मनात आलंच, तर पाकिटावर माझं नाव घालू नकोस, चिमणीचं घाल.

अजून म्हणत असशील तर,
तुझी खार