बेथेलच्या मेलेल्यांचं मतदान

९ मार्च १८८६

डोकी मोजणारा सरकारी माणूस आज घरोघर फिरला. कॅन्ससमध्ये आपली वेगळी काउंटी, म्हणजे आपला जिल्हा हवा, तर अडीच हजार माणसं दाखवायची. एवढी आणायची कुठून? मग काय — सगळ्यांनी आपापली मेलेली सांगितली. दुकानवाल्या हेडविग लुंडनं तर खेचर लिहून दिलं! "जॅक लुंड. माझा दीर, बिनलग्नाचा." चेहऱ्यावरची रेघ हलली नाही बाईची.

माझी पाळी आली तेव्हा जीभ रेटेना. ऑरिन हळूच म्हणाला, "सांग ना ताई. भावोजींइतकी ही काउंटी कुणाला हवी होती?" सांगितलं. एमॉस टिलटसन, वय अडतीस, शेतकरी. जानेवारीत तापानं गेलेल्या नवऱ्याला मीच कागदावर जिवंत केलं.

१४ जून

काउंटी झाली! लोहाराच्या ऐरणीवर बंदुकीची दारू ठासून बार उडवले. कान अजून बधिर आहेत. तात्पुरती कचेरी आमच्याच बेथेलात, लुंडांच्या दुकानामागच्या खोलीत. कायमची कुठे, ते ऑक्टोबरात मतं टाकून ठरणार. समोर उभी कोण, तर लार्क सिटी. नऊ घरं, आणि म्हणे सिटी!

कचेरी जाईल तिकडे वस्ती जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून तर गेल्या वर्षी एमॉसनं सगळ्यांना बायबलवर हात ठेवायला लावला — काही झालं तरी बेथेल सोडायचं नाही. मी तर नाहीच सोडणार. त्याचा शब्द आहे. आणि तो इथेच पुरलाय.

१३ ऑक्टोबर

हरलो. साठ मतांनी.

१५ ऑक्टोबर

मतदारांच्या याद्या भिंतीवर लागल्या. हेडविग धापा टाकत आली. "थर्झा, आमचं खेचर मत टाकून आलं गं! लार्क सिटीत!"

मी हसले. मग यादी बघायला गेले. खेचराच्या खाली तीन नावं सोडून — एमॉस टिलटसन. आमची सगळी मेलेली माणसं तिकडे जाऊन मत देऊन आली होती! ही नावं माहीत असलेला एकच माणूस त्या दिवशी तिकडे बसला होता. आमच्यातर्फे मतदानावर लक्ष ठेवायला आम्हीच पाठवलेला. ऑरिन. माझ्या पाठचा भाऊ, माझ्या हातची मक्याची भाकरी खाऊन वाढलेला!

तोंडावर विचारलं.

"हो. मीच लिहिली," म्हणाला. "बेथेलात काही उरलं नाही ताई. चल तिकडे."

"एमॉसचं नाव लिहिताना हात झडला नाही तुझा?"

मान खाली. त्याचं गाठोडं अंगणात फेकलं. त्यानं ते निमूट उचललं, याचाच जास्त राग आला.

२ नोव्हेंबर

लुंड लार्क सिटीला गेले. अख्खं घर चाकांवर, पुढे सोळा बैल, आणि धुराड्यातून धूर! आत हेडविगचा रस्सा शिजत होता म्हणे.

"गिऱ्हाईक तिकडे, तर दुकान इथे ठेवून काय करू? राग नको गं धरूस."

"आणि शपथ?"

"शपथ एमॉसची होती बाई. आम्ही नुसता हात ठेवला."

हिच्या दोन बाळंतपणांत मी रात्रंदिवस राबले.

१९ नोव्हेंबर

आणखी सहा घरं गेली. जिथे होती तिथे पिवळ्या गवताचे चौकोन राहिलेत. ऑरिनचं पत्र आलं. न फोडता चुलीत घातलं.

२७ नोव्हेंबर

आता मी आणि म्हातारा लोहार. तोही माझी नजर चुकवतो.

टेकडीवर जाऊन एमॉसला सांगून आले — सगळे फिरले, मी नाही.

४ डिसेंबर

एमॉसचं नाव त्या यादीतून खोडून घ्यायला लार्क सिटीला गेले. नव्या कचेरीत ऑरिन काउंटीची पहिली जमीन-वही उतरवत बसला होता. मला पाहताच त्यानं ती मिटली. "ही नको बघूस ताई." हिसकावली.

पहिलंच पान. इथल्याच, लार्क सिटीतल्या कचेरीसमोरचा कोपऱ्यावरचा भूखंड, एमॉस टिलटसन यांच्या नावे. गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये घेतलेला — आम्हाला शपथ घातली त्याच वर्षी. सोबत अर्ज, त्यावर त्याची सही. ती मी झोपेतही ओळखीन.

"मला उन्हाळ्यात कळलं," ऑरिन म्हणाला. "वाटलं, त्याच्यापेक्षा तू माझ्यावर चिडलेली बरी."

आता चिडू कुणावर? तो तर मेलाय!