घोटभर पाण्याचे मौन

सोमवार, ५ फेब्रुवारी

वाचा देणाऱ्या, बुद्धीला उजेड दाखवणाऱ्या देवा, तुझी कृपा आधी आणि माझी तक्रार नंतर – एवढा क्रम पाळते. पण तक्रार आहे!

नातीच्या मेंदूच्या मागच्या भागातली गाठ काढून दोन वर्षे होत आली. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, केसही पुन्हा आले. परवाच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "गाठ नाही. सगळं छान आहे." काय छान? आमची भिंगरी – घरभर गरगर फिरायची, म्हणून हे नाव – आता एका पायात चप्पल घालून दाराशी उभी राहते आणि दुसरी घालायची विसरते. धडा वाचते, पान उलटते, की आधीचे पान पुसलेले. काही विचारावे तर नुसती बघत राहते. गाठीबरोबर आणखी काय काय उचलून नेलेस देवा?

आज शाळेतून बोलावणे होते. मुख्याध्यापिका फार अदबीने बोलल्या. अदबीने बोलणाऱ्यांचीच मला धास्ती. "वर्गाबरोबर तिला झेपत नाहीये, आजी. वेगळ्या शाळेचा विचार करावा लागेल." पुढच्या आठवड्यात तोंडी परीक्षा घेणार. उत्तरे दिली तर वर्ग टिकेल. नाही तर मैत्रिणी गेल्या, बाक गेला, सगळेच गेले.

बुधवार, ७ फेब्रुवारी

रुग्णालयाने अभ्यासाच्या उपचारांसाठी एक तरुण बाई नेमून दिल्या आहेत. त्या घरी येतात. गळ्यात घड्याळ लटकते, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना घड्याळबाई म्हणते. चित्रांचे पत्ते काय, रंगीत चौकोन काय! आयुष्यभर मी मुलांना पाठांतर शिकवले, मला कधी पत्ते लागले नाहीत.

मी म्हटले, "आजारापूर्वी हिला माझ्या पोथीतले दोन अध्याय मुखोद्गत होते. तेच घ्या ना."

"घेऊ या की. पण एका वेळी एकच ओळ. आणि आजी, मध्ये बोलायचं नाही."

मध्ये! मी!

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

संतापाने अक्षर वाकडे येते आहे.

घड्याळबाई आज बैठकीच्या कोपऱ्यात बसून होत्या. मी, मुलगा, सून – तिघेही भिंगरीशी रोजच्यासारखे बोलत होतो. त्यांचे घड्याळ सुरू, बंद, सुरू, बंद. मला वाटले, पोरीचा वेळ मोजताहेत. निघताना म्हणाल्या, "तिचा नाही, मी तुमचा वेळ मोजत होते. प्रश्न विचारल्यावर तुमच्यापैकी कुणी श्वासभरसुद्धा थांबत नाही. त्यात आजींचा नंबर पहिला."

मुलगा म्हणाला, "आई तर देवालाही वाक्य पुरं करू देणार नाही."

सून हसली. ती सहसा माझ्यासमोर हसत नाही.

त्यांचे म्हणणे असे की, पोरीला येते, पण उत्तराला डोक्यातून जिभेपर्यंत यायला आता लांबची वाट चालावी लागते. किरणांनी गाठ जळली, तशा आतल्या वाटाही भाजल्या. उत्तर अर्ध्या वाटेवर असताना आपण बोललो, की ते माघारी फिरते आणि तिला पुन्हा पहिल्यापासून निघावे लागते.

असेल. पण माझा तर तो स्वभावच! अर्धा चरण कानी पडला की उरलेला माझ्या तोंडून आपसूक निघतो. अडलेल्याला पुढचा शब्द द्यायचा, यालाच तर मी आजवर शिकवणे म्हणत आले.

रविवार, ११ फेब्रुवारी

गप्प राहण्याचा प्रयत्न केला. जमले नाही.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

लिहू नये असे वाटते. तरी लिहिते.

तोंडी परीक्षा झाली. लांबट खोली, हिरव्या कापडाचे टेबल, पलीकडे मुख्याध्यापिका आणि वर्गशिक्षिका. मला आणि सुनेला मागच्या खुर्च्यांवर बसू दिले. धडा झाडांचा. "झाड पाणी कशानं पितं?" भिंगरी खिडकीकडे पाहू लागली. वर्गशिक्षिकेने लगेच तेच दुसऱ्या शब्दांत विचारले. मग तिसऱ्या. पंखा कुरकुरत होता. पोरीचे ओठ हलले – हलले, मी स्वतः पाहिले! – आणि माझ्या तोंडून निघून गेले, "मुळांनी!"

सगळ्यांनी वळून पाहिले. भिंगरीने मान खाली घातली.

"उत्तर तुम्ही दिलंत, आजी." मुख्याध्यापिका म्हणाल्या. अदबीने.

घरी येईपर्यंत सून माझ्या दोन पावले पुढे चालत राहिली. कुलूप काढताना म्हणाली, "आई, तिचे ओठ हलत होते हो." बस्स, एवढेच. भांडली असती तर बरे झाले असते.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

घड्याळबाई स्वतः शाळेत जाऊन भांडून आल्या. आणखी एक संधी मिळवली, सव्वीस तारखेची. त्यांनी घातलेली अट अशी – प्रश्न एका वेळी एकच, एकदाच, आणि मग थांबायचे.

माझ्यासाठी वेगळा उपचार सांगितला. "आजी, प्रश्न विचारला गेला की घोटभर पाणी तोंडात घ्यायचं. ती बोलेपर्यंत गिळायचं नाही."

"मी काय लहान मूल आहे?"

"नाही. लहान मुलं ऐकतात."

शनिवार, १७ फेब्रुवारी

तोंडात पाणी! या वयात! ज्या तोंडाने अध्यायच्या अध्याय म्हटले, ते बेडकासारखे फुगवून बसायचे! पहिल्या खेपेला ठसका लागला, पाणी पोथीवर सांडले. दुसऱ्या खेपेला नाकातून आले. भिंगरी हसली – खदखदून! आजारानंतर असे हसणे ऐकले नव्हते. पण विसरली ती ओळ विसरलीच.

मुलगा म्हणतो, "हे आधीच सुचलं असतं तर बाबांनाही चार शब्द बोलायला मिळाले असते." मेल्याला लाज नाही.

बुधवार, २१ फेब्रुवारी

पहिला चरण मी म्हटला आणि पाणी तोंडात घेतले. पोरगी गप्प. पाणी कोमट झाले, गालांना रग लागली. मनात म्हटले, पुरे! हिला येत नाही. हे सोंग कशासाठी? वर मागणारे पुराणांत वर्षानुवर्षे एका पायावर उभे असतात. ते मी किती शांतपणे वाचून दाखवत आले! आणि मला मात्र एका घोटाएवढे थांबवत नाही.

तेवढ्यात दुसरा चरण आला. अख्खा. एक अक्षर इकडचे तिकडे नाही.

पुढच्या ओळीला मात्र काहीच नाही. घड्याळबाई म्हणाल्या, "दमली ती. आता बंद." मला आणखी हवे होते. बंद केले. चडफडत बंद केले.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

परवाची ओळ विचारली. पाटी कोरी! डोके आपटून घ्यावेसे वाटले – माझेच.

घड्याळबाईंना विचारले, हे कधी संपणार? स्पष्ट बोलल्या, "बरं होऊन संपेल असं हे दुखणं नाही, आजी. वरच्या वर्गात अभ्यास वाढेल तसं ते आणखी जाणवेल. थोडी वाट सरावानं सोपी होईल, उरलेली लांबच राहणार. तिच्या वाटेत आपण उभं राहायचं नाही, एवढं आपल्या हातात आहे."

खोटा दिलासा म्हणून देत नाहीत. त्याचाच राग येतो. आणि त्यामुळेच त्या आल्या की उठून खुर्ची पुढे करते.

सोमवार, २६ फेब्रुवारी

तीच खोली, तोच पंखा. प्रश्न एकच, एकदाच – "कुंडीतल्या झाडाची पानं पिवळी का पडतात?"

मी बाटलीतून घोट घेतला. भिंगरी खिडकीकडे पाहू लागली. वर्गशिक्षिकेला राहवेना. "म्हणजे बघ हं, आपण झाडाला रोज –"

मी हात वर केला. गाल फुगलेले, हात उभा – काय ध्यान दिसत असेन! त्या थांबल्या. मुख्याध्यापिकांनी हातातले पेन खाली ठेवले. खोलीत पंख्याखेरीज कोणी बोलेना. सुनेने माझा पदर घट्ट धरला होता.

मग भिंगरी बोलली. "पाणी कमी पडलं तर." थांबली. आम्हीही थांबलो. "किंवा खूप झालं तर. मग मुळं कुजतात." पुन्हा थांबली. "मागच्या वेळी पण मी मुळंच सांगणार होते. आजीनं सांगून टाकलं."

माझा घोट भलतीकडेच गेला. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आले. खोकल्यानेच आले, असे मी सगळ्यांना सांगितले.

वर्ग टिकला. या वर्षापुरता! परीक्षेला जास्तीचा वेळ, शांत खोली, एका वेळी एक प्रश्न. पुढच्या वर्षी सारे पुन्हा पहिल्यापासून. कोणाकोणापुढे गाल फुगवत फिरू?

रविवार, ३ मार्च

संध्याकाळी घरच्यांपुढे अध्याय म्हणत होते – पोथी न उघडता, नेहमीसारखा. मध्येच एका चरणाशी थांबले. पुढे काहीच नाही. पांढरे. असे कधी झाले नव्हते. मुलाने एक शब्द सुचवला, सुनेने दुसरा. मुलगा फोनमध्ये शोधू लागला. त्या गलक्यात हाती येत होते तेही निसटले.

भिंगरी उठून स्वयंपाकघरात गेली. आली ती गाल फुगवून. माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि तिने हात वर केला.

दोघे गप्प झाले. ती माझ्याकडे पाहत राहिली. मुळीच घाई नव्हती तिला.

चरण आला.

पुढेमागे हे पान कोणाच्या हाती पडलेच, तर वाचणाऱ्या, तुझे भले होवो. तू अडशील त्या घटकेला तुझ्यासमोर असे कोणीतरी बसलेले असो.